मराठी इंजिन, कोकणी ब्रेक

आमच्या ओपेलचा ब्रेक गेला तेव्हा गोव्यात राजभाषेचा वाद ऐन भरात होता. मोटारीचा ब्रेक आणि राजभाषा यांचा काही संबंध असेल असे एरवी कोणाच्या मनात आले नसते. माझ्याही आले नाही. वास्तविक मी हायस्कुलात मराठीचा शिक्षक; संदर्भासह स्पष्टीकरण देण्यात माझा जन्म गेला. तरी हा संदर्भ ध्यानात यायला एक मांडव, एक ध्वनिक्षेपक आणि माझी तालुक्यातली प्रतिष्ठा एवढ्या गोष्टी मोडाव्या लागल्या.

ओपेल मूळची माझ्या सासऱ्यांची. डिचोलीला त्यांचे कापडाचे दुकान होते, आणि पोर्तुगीज अमदानीत जर्मन मोटार घरी आणणे हल्लीच्या गॅस सिलिंडरपेक्षा सोपे होते म्हणतात. ते वारल्यावर मेहुण्याला अंगणातली जागा हवी झाली आणि गाडी आमच्याकडे, पेडण्याबाहेरच्या वाडीवर आली. माझी पत्नी शालिनी हिने तिला माहेरचे माणूस आल्यासारखी ओवाळून घेतली. तिच्याही आधी पुढे होऊन बॉनेटवर हळदकुंकू कोणी वाहिले असेल, तर ते शेजारच्या शांताकाकींनी.

त्याला कारण होते. शांताकाकींचा मुलगा सतीश डिचोलीच्या खाणीवर कामाला. आठवड्यातून एकदा घरी येणार. सून मंजुळा हिला पहिल्या खेपेला अवेळी कळा सुरू झाल्या तेव्हा वाडीवर वाहन नव्हते. पेडण्याच्या नाक्यावर टॅक्सी असते, पण ती बोलवायला आधी पेडण्याला जावे लागते, आणि पेडण्याला जायला टॅक्सी लागते. म्हापशाच्या इस्पितळात पोचेपर्यंत व्हायचे ते होऊन गेले होते. मूल हाती लागले नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ती पोरगी आमच्या विहिरीवर पाणी भरायला यायची, घागर भरून झाली तरी तशीच उभी राहायची आणि शालिनी तिला हाताला धरून घरी पोचवायची. आता तिला पुन्हा दिवस गेले होते, आणि आमची ओपेल कोणाच्या लेखी कोणाची का असेना, शांताकाकींच्या लेखी ती मंजुळाची होती. रोज सकाळी त्या कुंपणावरून विचारीत, "मास्तरांनू, गाडी चलता न्हय?" मी "चलता, चलता" म्हणे, आणि मगच त्या चूल पेटवायला जात.

आता नंबरांविषयी सांगितले पाहिजे. गोवा मुक्त झाला आणि परदेशी सुटे भाग यायचे बंद झाले. गाड्या मात्र राहिल्या. पेडणे, डिचोली, बार्देश मिळून ओपेलवाले असे आम्ही मूठभर. गाडीचा एखादा भाग झिजला की त्याच मापाचा देशी भाग हुडकायचा. कधी तो ट्रकचा निघे, कधी ट्रॅक्टरचा, एकदा तर शेतीच्या पंपाचा निघाला. तो बसला की त्याच्या खोक्यावरचा नंबर म्हणजे आमची गुरुविद्या. दर शुक्रवारी म्हापशाचा बाजार भरतो. त्या दिवशी बस स्टँडजवळच्या एका हॉटेलात भाजी-पाव खाताखाता आम्ही ही विद्या एकमेकांना देत असू. नंबर कागदावर लिहायचा नाही असा दंडक होता, कारण कागद दुकानदाराच्या हाती लागला तर तो माल दडवून ठेवतो. नंबर तोंडाने द्यायचा, आणि देणाऱ्याने शेवटी "माझ्या गाडीत बसला" असे म्हणायचे. ज्याच्या गाडीत बसला नाही त्याने तो उच्चारायचा नाही. देवळात नारळ ठेवून घेतलेल्या शपथा मोडणारी माणसे मी पाहिली आहेत. ही शपथ मोडलेली कोणी पाहिली नव्हती.

या मंडळीत माझा जिवलग मित्र म्हणजे बाबाजी. म्हापशात त्याचे औषधांचे दुकान. मला गाडी चालवायला त्यानेच शिकवली, आणि शिकवताना जे जे बोलला ते मी वर्गात मुलांना कधी बोललो नाही. त्याच्या ओपेलचा ब्रेक म्हणजे आमच्यात दंतकथाच होती. रस्त्यात मांजर आडवे आले तर मांजराच्या आधी बाबाजीची गाडी थांबे. ब्रेकच्या सिलिंडरचा नंबर त्याच्याकडे आहे हे सर्वांना ठाऊक होते. कोणी विचारले की तो मिशीत हसे आणि आणखी एक पाव मागवी. जाणकाराचे हसणे आम्ही ओळखत होतो, म्हणून कोणी नेट धरला नाही.

मग भाषेचा वाद आला. कोणी म्हणे कोकणी राजभाषा करा, कोणी म्हणे मराठी. मी मराठीच्या बाजूचा, हे सांगायला नको. गावच्या मराठी समितीने मला चिटणीस केले; माझ्या विद्वत्तेमुळे केले असे मी समजत होतो, पुढे कळले की अक्षरामुळे केले. घरात मी आणि शालिनी बोलतो ती आमची पेडण्याची बोली. तिच्यात बेळगावच्या माणसाला मराठी सापडणार नाही आणि मडगावच्या माणसाला कोकणी. पण घरात काय बोलतो आणि कशासाठी प्राण देतो या वेगळ्या गोष्टी आहेत. बाबाजी पडला कोकणीच्या बाजूला, आणि पडता पडता बार्देश-पेडण्याच्या कोकणी समितीचा अध्यक्ष झाला. आदल्या वर्षीपर्यंत त्याच्या घरी चवथीला आरत्या म्हणायला मीच जात होतो, आणि त्या सगळ्या मराठीत होत्या. हे मी एका सभेत जाहीरपणे विचारले. तेव्हापासून आम्ही एकमेकांना अहो-जाहो करू लागलो.

शुक्रवारच्या मंडळींत फूट पडली ती गिअरबॉक्सवरून. कोणी एकाने नंबर विचारला आणि दुसऱ्याने शांतपणे, पाव मोडता मोडता विचारले, की आधी तुम्ही कुठल्या बाजूचे ते सांगा. त्यावर कोणी हसले असते तर बरे झाले असते. पुढच्या शुक्रवारी त्याच हॉटेलात दोन टेबले झाली. हॉटेलवाल्याने भाजी एकच ठेवली, एवढेच भाषिक ऐक्य उरले.

आता दैवाची गंमत पाहा. इंजिन, सेल्फ-स्टार्टर आणि वायरिंग यांचे नंबर जाणणारे सगळे आमच्या टेबलावर आले, आणि ब्रेक, स्टिअरिंग, स्प्रिंगचे पाटे यांचे जाणकार सगळे त्यांच्या. त्यामुळे मराठी गाड्या बटणासरशी सुरू होत, पण थांबण्याची खात्री नसे. आणि कोकणी गाड्या थांबायला अतिशय उत्तम, फक्त सुरू होत नसत. बाबाजीची गाडी कित्येक आठवडे दुकानाच्या मागे थांबलेली होती. आमच्या टेबलावर याचे फार समाधान होते.

अशा वेळी माझा ब्रेक मऊ लागायला लागला. आधी पाय जरा खोल जाई, मग दोनदा दाबावा लागे. मंजुळाला आठवा लागला होता. मी शुक्रवारी आमच्या टेबलावर गाऱ्हाणे मांडले. सगळे आपापल्या पावाकडे पाहू लागले. शेजारच्या टेबलावर बाबाजी पाठमोरा बसला होता. त्याच्या चमच्याचा आवाज थांबला. तेव्हा साखळी गावचा जयवंत पुढे सरसावला. जयवंताचे खाणीचा माल वाहणारे ट्रक होते, तो आमच्या बाजूचा मोठा आधार. त्याने मला मास्टर सिलिंडरचा एक नंबर दिला, मागच्या टेबलाला ऐकू जाईल इतक्या आवाजात दिला, आणि म्हणाला, "माझ्या गाडीत बसला."

मला भरून आले. आपल्याही बाजूला ब्रेक आहे ही भावना काही वेगळीच असते. दुसऱ्याच दिवशी मी तो सिलिंडर म्हापशात बसवून घेतला. बसला म्हणजे अगदी साच्यात ओतल्यासारखा बसला. शांताकाकींना मी कुंपणावरून ओरडून सांगितले, की आता बाळंतपण खुशाल दोनदा येऊ दे.

त्या रविवारी कोकणी समितीची सभा आमच्या गावात, शाळेखालच्या मैदानात होती. मला तिच्याशी कर्तव्य नव्हते. मी मराठी समितीच्या पत्रकांचे गठ्ठे मागच्या सीटवर घालून पलीकडच्या गावी निघालो होतो. शाळेकडून मैदानाला वळसा घालून रस्ता जातो, आणि वळणाआधी उतार आहे. उताराला मी ब्रेकवर पाय ठेवला. पाय खाली गेला आणि तिथेच राहिला. पुन्हा दाबला. सिलिंडरमधले तेल केव्हाच रस्त्यावर सांडून गेले होते, हे पंचनाम्याच्या वेळी कळले.

गाडी वेगात नव्हती. हे मी तेव्हाही सांगत होतो, आजही सांगतो. ती एखाद्या पाहुण्यासारखी सावकाश मांडवात शिरली. हॅण्डब्रेक ओढला तो हातात आला. लोकांना सावध करावे म्हणून मी भोंगा दाबून धरला, आणि भोंगा आमच्या टेबलाच्या नंबराचा असल्यामुळे तो तालुक्याला ऐकू जाईल असा वाजला. लोकांना ती घोषणाबाजी वाटली. बाया मुलांना घेऊन बाजूला झाल्या, खुर्च्या आडव्या पडल्या, मांडवाचा एक खांब कलला आणि गाडीचे मागले दार उघडून मराठीची पत्रके कोकणी श्रोत्यांच्या मांडीवर जाऊन पडली. ध्वनिक्षेपकाचा कर्णा खाली आला. व्यासपीठाच्या मातीच्या कडेला टेकून गाडी थांबली. कोणाला ओरखडाही आला नव्हता. व्यासपीठावर, माझ्यापासून हातभर अंतरावर, बाबाजी भाषण करीत उभा होता.

त्याने माइकवर हात ठेवला, वाकला आणि हळूच विचारले, "मास्तर, लागलां काय खंय?"

मी नाही म्हणून मान हलवली. मग त्याने हात काढला, सरळ उभा राहिला आणि गरजला, "हो आमच्या मायभाशेचेर हल्लो!"

टाळ्या झाल्या. मला त्याचा राग आला नाही असे नाही, पण वक्ता म्हणून त्याच्या जागी मीही दुसरे काय केले असते ते सांगता येत नाही.

पोलीस चौकीत एक हवालदार होता, मूळचा बेळगावकडचा, स्वभावाने गरीब. त्याने पंचनामा लिहायला घेतला. मी म्हणालो, माझा जबाब मराठीत लिहा, नाहीतर सही करणार नाही. समितीचे लोक म्हणाले, फिर्याद कोकणीत लिहा, नाहीतर आम्ही सही करणार नाही. हवालदार म्हणाला की छापील कागद इंग्रजीत आहे, आणि मनातले विचाराल तर त्याला कानडीत बरे पडले असते. शेवटी त्याने सगळा प्रसंग चित्राने काढला. चित्र उत्तम होते. मांडव, गाडी, उतार, सगळे ओळखू येत होते. मला मात्र त्याने चष्मा आणि पोट एवढ्यावरच भागवले, आणि तेवढ्यावरून सर्वांनी मला ओळखले याचे वाईट वाटले.

गाडी मुद्देमाल म्हणून चौकीच्या आवारात उभी राहिली. सोडायची कशी, तर वाहतूक खात्याच्या निरीक्षकाने ब्रेक तपासून दाखला द्यायचा. मी म्हापशाच्या कचेरीत गेलो. निरीक्षक म्हणाले, ब्रेक दुरुस्त करून गाडी इथे आणा. मी म्हणालो, गाडी चौकीत आहे. ते म्हणाले, मग सोडवून आणा. मी म्हणालो, दाखल्याशिवाय सुटत नाही. ते म्हणाले, दाखला गाडी पाहिल्याशिवाय मिळत नाही, आणि माझ्याकडे मुलगा गणितात नापास झाल्यावर बाप मास्तरकडे पाहतो तसे पाहू लागले. मी त्यांना नमस्कार करून निघालो.

इकडे गावात सल्ल्यांना पूर आला. कोणी म्हणाले गाडीला नारळ उतरवून टाका, सासऱ्याचा जीव अडकला असेल. कोणी म्हणाले ओपेल विकून स्कूटर घ्या. अवघडलेली बाई स्कूटरवर कशी बसेल असे विचारल्यावर तोच म्हणाला, तशी घाई असेल तर बसते. वर्तमानपत्रात बातमी आली: 'वृद्ध मराठी शिक्षकाला अटक'. मला अटक झालेली नव्हती आणि माझे वय सत्तेचाळीस होते. खुलासा पाठवला, तो छापला नाही.

आमच्या समितीने मात्र माझा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला. जयवंताने भाषणात सांगितले की मास्तरांची मोटार आज मराठीसाठी तुरुंगात आहे आणि निकाल लागेपर्यंत ती तिथेच राहिली पाहिजे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सभेनंतर मी त्याला कोपऱ्यात गाठून विचारले, की तो नंबर खरोखर तुझ्या गाडीत बसला होता काय. जयवंत इकडे तिकडे पाहू लागला. मग म्हणाला, "मास्तर, पलीकडचं टेबल ऐकत होतं. आपल्याकडे ब्रेक नाही असं त्यांना कसं कळू द्यायचं?" मी शाल त्याच्या हातात दिली आणि घरी आलो. इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. माणसाने भाषेसाठी खोटे बोलावे, सरकारशी बोलावे, सासुरवाडीला बोलावे. पण नंबर?

घरी शांताकाकी पायरीवर बसलेल्या होत्या. सकाळचा प्रश्न विचारणे त्यांनी सोडून दिले होते. त्या माझ्याशी नव्हे, शालिनीशी बोलत होत्या. "पयल्या खेपेक आमकां गाडी नासली," गाडी नव्हती ते दिवस आठवून त्या म्हणाल्या. "आता गाडी आसा, तर ती पोलिसांकडे. आमच्या नशिबाक गाडी म्हणजे काय ती कळना." त्यांनी आवाज चढवला नाही. पदराने पायरी पुसल्यासारखे केले आणि उठून गेल्या. मला तोंड वर करवेना.

शालिनीने त्यांना कुंपणापर्यंत पोचवले. मग आतून माझी छत्री आणि पिशवी घेऊन आली आणि म्हणाली की बाबाजीकडे जा. मी म्हणालो, फिर्यादीवर पहिली सही त्याची आहे. भर सभेत त्याने मला हल्लेखोर म्हटले आहे. माझा काही मान आहे की नाही?

"तुमचो मान घरात ठेवन जावा," शालिनी म्हणाली. "मी सांभाळतंय."

गेलो. बसमध्ये उभ्याने गेलो. रिकाम्या हाताने नंबर मागायचा नसतो, द्यायला तोडीचा नंबर लागतो; म्हणून मी मनाशी सेल्फ-स्टार्टरचा नंबर घोकत होतो. आमच्या टेबलाचा हा सर्वांत मोलाचा ऐवज. तो पलीकडे देणे म्हणजे सरळ फितुरी, आणि ती करायला मी छत्री घेऊन निघालो होतो.

बाबाजी दुकानात एकटाच होता. "या मास्तर, बसा," तो म्हणाला. मी बसलो नाही. बसलो असतो तर धीर सुटला असता. उभ्याउभ्याच मी त्याला स्टार्टरचा नंबर सांगितला आणि पुढे म्हणालो, "माझ्या गाडीत बसला." त्याने डोळे मिटून नंबर एकदा मनात म्हटला, तेवढ्यात तो त्याचा पाठ झाला हे मला दिसले. मग मी त्याला मंजुळाचे सांगितले. ब्रेकचा नंबर मागितला.

त्याने औषधाच्या बाटल्या उगाच इकडच्या तिकडे केल्या. एक गिऱ्हाईक आले, त्याला खोकल्याचे औषध दिले. मग म्हणाला, "नंबर ना, मास्तर. कधीच नासलो."

मला वाटले की तो द्यायला नाकारतो आहे. पण तसे नव्हते; नंबर त्याच्याकडे खरोखरच कधी नव्हता. त्याचा चुलतभाऊ लिस्बनला असे. त्याने मागे एकदा येताना मूळ जर्मन सिलिंडर आणून दिला होता. तो एकच, आणि तो त्याच्या गाडीत होता. इथला कुठलाही सिलिंडर त्याला कधी बसला नव्हता. शुक्रवारी सगळे इतक्या आदराने पाहत, की नाही म्हणायला त्याची जीभ उचलली नव्हती. हसणे सोपे होते. इतकी वर्षे आम्ही त्याच्या हसण्याची किंमत करीत आलो होतो.

मी छत्री उचलली. दुकानाबाहेर आल्यावर मला आठवले की मी फितुरी करून आलो आहे आणि हाती काही लागलेले नाही. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे तेवढे राहिले. घरी जाऊन शालिनीला सांगितले. तिने मला जेवायला वाढले.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळच्या बसने बाबाजी आमच्या गावात उतरला. खांद्याला पिशवी, हाताला काळे तेल. माझ्या दारी न येता तो थेट चौकीवर गेला आणि हवालदाराला म्हणाला की फिर्यादी या नात्याने त्याला मुद्देमाल तपासायचा आहे. मग मला बोलावणे आले. मी पोचलो तेव्हा त्याने पिशवीतून एक पुडके काढून बॉनेटवर ठेवले होते. मराठी वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते. कागद कालचा होता, म्हणजे अध्यक्षमहाशय रोज घेत होते. पण ती वेळ ते बोलण्याची नव्हती. आत ब्रेकचा सिलिंडर होता. त्याच्या स्वतःच्या गाडीतून काढलेला.

मी काही म्हणण्याआधीच तो गाडीखाली शिरला.

ब्रेक बसवल्यावर नळीतली हवा काढावी लागते. त्याला दोन माणसे लागतात. एकाने सीटवर बसून पाय दाबून धरायचा, दुसऱ्याने खाली पडून स्क्रू सैल करायचा. मी वर बसलो, बाबाजी खाली. तो "दाब" म्हणे, मी दाबी. "सोड" म्हणे, मी सोडी. हवालदार दोघांच्या मधे उकिडवा बसून तेलाची बाटली धरून होता. फिर्यादी आणि आरोपी एकाच मोटारीला असे लागलेले त्याने नोकरीत पाहिले नसावे. तीन-चार वेळा दाबल्यावर पायाखाली ब्रेक घट्ट झाला. बाबाजी गाडीखालून बाहेर आला आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले तोच फाटकातून शालिनी जवळजवळ धावत आली. मंजुळाला कळा सुरू झाल्या होत्या. पहिल्या खेपेसारख्याच, वेळेच्या आधी.

मी चावी फिरवली. इंजिन सुरू झाले. आणि हवालदार गाडीपुढे उभा राहिला.

त्याचा नाइलाज होता. दाखला नव्हता, निरीक्षक सोमवारशिवाय भेटणार नव्हते, मुद्देमाल फाटकाबाहेर गेला तर त्याची नोकरी जाणार होती. बाबाजीने फिर्याद मागे घेतो म्हटले, तर त्यालाही समितीचा ठराव लागत होता. शालिनी हात जोडून उभी होती. हवालदाराने टोपी काढली, डोके खाजवले, पुन्हा टोपी घातली.

"गाडी आमच्या ताब्यात ऱ्हायाला पायजे, इतकंच नव्हं?" तो म्हणाला. "मग मी बसतो की तिच्यात. मी जिथं, तिथं ताबा."

असा आमच्या ओपेलचा मुद्देमाल पोलिसांच्या ताब्यात म्हापशाला निघाला. मागे मंजुळा, तिचे डोके मांडीवर घेऊन शांताकाकी, आणि पायाशी शालिनी. पुढे माझ्या शेजारी बाबाजी आणि त्याच्या पलीकडे दाराला चिकटून ताबा. मंजुळा ओरडत नव्हती, सीटची कड धरून दात आवळून पडली होती, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होते. कोलवाळच्या पुलाआधी उतार लागला. उताराच्या पायथ्याशी एक म्हैस रस्ता ओलांडत होती आणि तिला कसली घाई नव्हती. मी ब्रेक दाबला. बाबाजीचाही पाय त्याच्या बाजूच्या फळीवर दाबला गेलेला मी पाहिला. गाडी थांबली. मागे मंजुळाला धक्कासुद्धा बसला नाही. म्हैस गेल्यावर आम्ही निघालो.

इस्पितळाच्या व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही तिघे बसलो, मधे हवालदार. मराठीचा चिटणीस मी, कोकणीचा अध्यक्ष तो, आणि आत एक पोरगी. मी मनातल्या मनात देवाला गाऱ्हाणे घालीत होतो. शेजारी बाबाजीचेही ओठ हलत होते. दुपार उतरणीला लागली तेव्हा शांताकाकी बाहेर आल्या. भिंतीला धरून उभ्या राहिल्या. "चेडू जालां," त्या म्हणाल्या. "दोगांय बरीं आसत." मुलगी झाली होती, आणि दोघीही सुखरूप होत्या. मग त्या खाली बसल्या आणि त्यांनी इतक्या दिवसांचे सगळे रडून घेतले. हवालदाराने टोपी काढून मांडीवर ठेवली.

बाबाजी उठला. त्याचे घर जवळच. मी सोडतो म्हटले, पण हवालदार म्हणाला की मुद्देमाल सरळ चौकीवर गेला पाहिजे, आता आणखी आडवाट नको. फाटकापर्यंत मी बाबाजीबरोबर चालत गेलो. त्याची गाडी आता बिनब्रेकची उभी असणार, हे मला बोलवेना. त्याने आपण होऊन सांगितले की खटला चालणार. समितीपुढे तो फिर्याद मागे घ्या म्हणू शकत नाही, अध्यक्ष आहे. मी म्हणालो की मीही माघार घेणार नाही, चिटणीस आहे. त्यावर दोघांनीही मान डोलावली. तो रस्त्याला लागला. मग वळला.

"मास्तर," तो म्हणाला, "ब्रेक सांबाळून मार. आमच्या दोघांत तितलोच एक आसा."

परत येताना मी गाडी दुसऱ्या गिअरच्या वर नेली नाही. मागून बस, ट्रक, सायकली सगळे पुढे गेले. हवालदाराने दोनदा विचारले की गाडी अशी मयताला निघाल्यासारखी का चालवता. मी सांगितले, की हा ब्रेक दोघांत एकच आहे, उगाच झिजवायचा नाही. पुढे उतार आला तेव्हा मी गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली.